पेरोव्हस्काईट सोलर पॅनेल येतंय! मग नेकनूरच्या तरुणाने आज तीन लाख गुंतवायचे का?



काही दिवसांपूर्वी नेकनूरहून एका तरुणाचा फोन आला. आपला नेहमीचा दर्शक. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, वय असेल चोवीस-पंचवीस. आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या वर्षी मात्र त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली नव्हती. का? तर पोरगा म्हणाला होता, "अण्णा, यंदा कोयता हातात घेऊ नका. मी धंदा टाकतो."

त्याचा प्रश्न असा होता: "सर, नवीन टेक्नॉलॉजीचं सोलर पॅनेल आलंय. पेरोव्हस्काईट म्हणतात. चौतीस टक्के एफिशियन्सी! साधं पॅनेल बावीसच टक्के देतं. एक जण बीड तालुक्याची एजन्सी देतोय, डिपॉझिट तीन लाख. एकवीस हजार टोकन देऊन बसलोय. बाकीचे सोमवारी द्यायचेत. देऊ का सर? आईचे दागिने बँकेत ठेवून पैसे उभे केलेत, म्हणून विचारतो."

फोन गुरुवारी आला होता. म्हणजे हातात तीन दिवस.

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी आपण ही टेक्नॉलॉजी समजून घेऊ, मग तूच ठरव. त्या दिवशी फोनवर जे बोललो तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय. कारण आज पेरोव्हस्काईट आहे, उद्या दुसरं काही असेल. नवीन संशोधनाची बातमी आणि आपला गल्ला यांच्यात किती अंतर असतं, हे मोजता आलं पाहिजे. वही-पेन घेऊन बसा.

पहिली गोष्ट: ३४ टक्के हा आकडा खोटा नाही

बरेच जण इथेच फसतात. त्यांना वाटतं, फसवणूक करणारा माणूस आकडे खोटे सांगतो. तसं नसतं. आकडा खरा असतो, पण तो कशाचा आहे हे सांगितलं जात नाही.

लोंगी ही चीनमधली मोठी सोलर कंपनी. त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सिलिकॉन आणि पेरोव्हस्काईट असा जोड-सेल करून ३४.८५ टक्के एफिशियन्सीचा विक्रम जाहीर केला. म्हणजे सेलवर १०० वॅट ऊन पडलं तर जवळपास ३५ वॅट वीज. आज बाजारात मिळणारं चांगलं सिलिकॉन पॅनेल २० ते २३ टक्के देतं. फरक मोठा आहे, बातमीही खरी आहे.

पण असे विक्रम होतात ते साधारण एक चौरस सेंटिमीटरच्या सेलवर. म्हणजे तुमच्या बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर! आता पुढचे आकडे लिहून घ्या. त्याच कंपनीने २०२५ मध्ये सुमारे २६१ चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोड्या लहान सेलवर ३३ टक्के गाठले. आणि ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये ग्राहकाला विकलेली पहिली जोड-पॅनेल्स पाठवली, त्यांची एफिशियन्सी होती २४.५ टक्के.

नखावर जवळपास ३५, वहीच्या पानावर ३३, विकलेल्या पॅनेलवर २४.५. तुमच्या गिऱ्हाइकाच्या छतावर यातलं काय जाणार? शेवटचं. म्हणून कोणी एफिशियन्सीचा आकडा तोंडावर फेकला की पहिला प्रश्न विचारायचा: "केवढ्या पॅनेलवर?"

पेरोव्हस्काईट म्हणजे आहे तरी काय?

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. १८३९ साली रशियाच्या उरल पर्वतात एक खनिज सापडलं. गुस्ताव रोझे या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला लेव्ह पेरोव्हस्की यांचं नाव दिलं. त्या खनिजात अणूंची जी विशिष्ट मांडणी असते, तशी मांडणी असलेल्या सगळ्या पदार्थांना पुढे पेरोव्हस्काईट म्हणायला लागले. सोलर सेलमध्ये खाणीतला दगड वापरत नाहीत. शिसं, आयोडीन, ब्रोमीन, सीझियम अशा घटकांची रसायनं मिसळून तशाच मांडणीचा पदार्थ प्रयोगशाळेत बनवतात.

याचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे रसायनं द्रवात विरघळवून तो पातळ थर काचेवर पसरता येतो, तव्यावर घावन पसरतात तसा. मग साधारण १०० ते १५० अंशांवर तापवला की थर तयार. सिलिकॉन मात्र १,४०० अंशांच्या वर वितळवावं लागतं, त्याची मोठी कांडी बनवून चकत्या कापाव्या लागतात. सिलिकॉनची चकती साधारण दीडशे मायक्रॉन जाड. पेरोव्हस्काईटचा थर साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे जवळपास तीनशे पट पातळ. माल कमी, उष्णता कमी. म्हणूनच जग याच्या मागे लागलंय.

सुरुवात कुठून झाली माहितीये? २००९ मध्ये जपानच्या योकोहामामध्ये त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे विद्यार्थी अकिहिरो कोजिमा यांनी पहिला पेरोव्हस्काईट सेल जगापुढे मांडला. एफिशियन्सी फक्त ३.८ टक्के, आणि सेल काही मिनिटांतच खराब व्हायचा! फारसं कोणी लक्षही दिलं नाही. २०१२ मध्ये कोरिया आणि ब्रिटनमधल्या गटांनी आतला द्रव काढून त्या जागी घन पदार्थ वापरला, आणि आकडा एकदम १० टक्क्यांच्या आसपास गेला. आज नुसत्या पेरोव्हस्काईटचे सेल प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. सिलिकॉनला एवढी मजल मारायला कित्येक दशकं लागली होती.

एफिशियन्सी वाढवतात कशी? कापसाच्या भाषेत समजून घ्या

आपण बीड जिल्ह्याचे, कापूस आपल्याला कळतो. समजा तुम्ही पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटची फरदड, दोन्ही एकाच व्यापाऱ्याकडे नेलं. व्यापारी म्हणतो, "माझा भाव एकच, फरदडीचा." तुमच्या चांगल्या मालाचं मोल वाया गेलं की नाही?

सिलिकॉन असाच एकभावी व्यापारी आहे. उन्हात सगळ्या प्रकारचा प्रकाश असतो. निळा प्रकाश म्हणजे पहिल्या वेचणीचा माल, त्यात ऊर्जा जास्त. तांबड्यात कमी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्यापलीकडच्या किरणांत आणखी कमी. सिलिकॉन निळ्यालाही तेवढाच भाव देतं, वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. आणि फारच हलका माल ते घेतच नाही. यामुळे एकाच थराच्या सेलला एक मर्यादा पडते. शॉकली आणि क्वेसर या दोघांनी १९६१ मध्येच ती मांडून ठेवली होती: साधारण ३३ टक्के. सिलिकॉनसाठी प्रत्यक्षात ती २९ टक्क्यांच्या थोडी पुढे आहे. प्रयोगशाळेतलं सिलिकॉन आत्ताच २७ च्या पुढे पोहोचलंय. म्हणजे आता फार जागा उरली नाही.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? दोन व्यापारी बसवले. वर पेरोव्हस्काईट, खाली सिलिकॉन. वरचा पहिल्या वेचणीचा माल जास्त भावाने घेतो, उरलेला खाली सोडतो. खालचा आपला नेहमीचा माल घेतो. याला टँडम, म्हणजे जोड-सेल म्हणतात. ३४ टक्क्यांचं रहस्य हेच आहे.

दुसरं काम आहे गळती थांबवण्याचं. पेरोव्हस्काईटचा थर लवकर पसरतो, पण त्यात सूक्ष्म दोष राहतात. वीज बाहेर पडायच्या आधीच त्या दोषांत अडकून विरते. भिंतीला रंग देण्याआधी आपण पुट्टी भरतो ना, तसंच संशोधक त्या दोषांवर योग्य रसायनाचा अतिशय पातळ थर देतात. आज जगभर चाललेल्या पेरोव्हस्काईट संशोधनाचा मोठा भाग हा असा पुट्टी भरण्याचा आणि दोन थरांमधला सांधा नीट बसवण्याचा आहे.

यात आपली माणसं कुठं आहेत?

हे सगळं चीन-जपानमध्येच चाललंय असं समजू नका.

मुंबईत पवईला आयआयटी बॉम्बेमध्ये २०१० पासून सौरऊर्जेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा त्याला पैसा आहे. तिथे प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने पेरोव्हस्काईट-सिलिकॉन जोड-सेल बनवला, एफिशियन्सी सुमारे २९.८ टक्के. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी या कामाची जाहीर दखल घेतली. हे काम कारखान्यापर्यंत नेण्यासाठी एआरटी-पीव्ही इंडिया नावाचा स्टार्टअपही आयआयटीतच उभा राहिला.

इलेक्ट्रिशियन मित्रांनो, त्यांच्या सेलची एक गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. त्यात चार टोकं आहेत. वरच्या थराचे प्लस-मायनस वेगळे, खालच्याचे वेगळे. त्यामुळे वरचा थर पुढे-मागे कमजोर झाला तरी खालचं सिलिकॉन आपलं काम करत राहतं. दोन मोटारी वेगवेगळ्या स्टार्टरवर ठेवल्यासारखं समजा.

दुसरं नाव डॉ. सावंता माळी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात घडलेले हे संशोधक दक्षिण कोरियात ग्वांग्जू इथल्या चोन्नम नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करतात. २०२३ मध्ये त्यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर एनर्जी' या नामांकित नियतकालिकात आला. त्यांनी पेरोव्हस्काईटमधला सेंद्रिय भाग, जो उष्णतेला लवकर दम सोडतो, तो काढून पूर्णपणे असेंद्रिय सेल केला. एकाच पदार्थाच्या दोन वेगवेगळ्या स्फटिकरूपांचे थर एकावर एक बसवले आणि एफिशियन्सी २१.५ टक्क्यांच्या पुढे नेली. त्यातला एक थर तयार करायला त्यांनी गरम हवेच्या झोताची पद्धत वापरली.

आता तुम्ही म्हणाल, सर, २१.५ तर ३४ पेक्षा कमीच झालं, मग त्याचं कौतुक कशाला? बरोबर प्रश्न! उत्तर पुढच्या भागात आहे.

मग गाडी अडलीय कुठं?

अडलीय टिकाऊपणावर. पेरोव्हस्काईटला ओलावा सोसत नाही, सततची उष्णता सोसत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात काय असतं? बाहेर ४२ अंश, छतावरचं पॅनेल ६५ च्या आसपास. त्यानंतर जूनमध्ये धो-धो पाऊस. म्हणून डॉ. माळींसारखे लोक आकड्याइतकंच टिकण्याकडे बघतात. चार टक्के कमी चालतील, पण माल उन्हात उभा राहिला पाहिजे.

पॅनेलला बाजारात उतरण्याआधी एक ठरलेली परीक्षा द्यावी लागते. ८५ अंश उष्णता, ८५ टक्के आर्द्रता, सलग १,००० तास. ऐकायला भारी वाटतं, पण १,००० तास म्हणजे साधारण ४२ दिवस. आणि गिऱ्हाइकाला वॉरंटी हवी २५ वर्षांची, म्हणजे ९,००० पेक्षा जास्त दिवस. सिलिकॉनची पॅनेल्स खरोखर पंचवीस-तीस वर्षं छतावर राहिलीत, त्याचा पुरावा जगभर आहे. पेरोव्हस्काईटचा तेवढा पुरावा आज कोणाकडेही असू शकत नाही, कारण पहिला सेलच २००९ चा आहे आणि पहिलं विकलेलं जोड-पॅनेल २०२४ चं!

अजून एक मुद्दा. यात शिसं असतं. प्रमाण थोडं असलं तरी ते पाण्यात विरघळू शकणाऱ्या रूपात असतं. पॅनेल फुटलं तर ते बाहेर येऊ नये म्हणून पक्कं सीलबंद करावं लागतं. आपल्याकडे गारपीट होते, माकडं छतावर नाचतात, पोरं दगड मारतात. हा विचारही करावा लागणार.

नेकनूरच्या स्लॅबवर हिशोब मांडू

आता धंद्याचं गणित. पॅनेलचं रेटिंग काढताना एका चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन धरतात.

२२ टक्क्यांचं पॅनेल: एका चौरस मीटरला २२० वॅट. तीन किलोवॅटला जागा लागते सुमारे १३.६ चौरस मीटर, म्हणजे १४७ चौरस फूट.

३० टक्क्यांचं पॅनेल: एका चौरस मीटरला ३०० वॅट. तीन किलोवॅटला १० चौरस मीटर, म्हणजे १०८ चौरस फूट.

वाचली किती? साधारण ४० चौरस फूट जागा. मुंबईत सोसायटीच्या गच्चीवर ४० फुटांना किंमत आहे. नेकनूरला सहाशे फुटांच्या स्लॅबवर किंवा शेतातल्या मोटारीजवळ त्या ४० फुटांसाठी कोण जास्त पैसे मोजेल? आपल्याकडे गिऱ्हाईक विचारतं, "किती युनिट पडतील, किती वर्षं टिकेल, बिघडलं तर कोण येईल?" एफिशियन्सी जास्त म्हणजे लोखंडी सांगाडा कमी, वाहतूक कमी, मजुरी कमी, हे खरं. पण ती बचत पॅनेलच्या जादा किमतीपेक्षा मोठी असेल तरच फायदा.

आणि आता खरी गंमत ऐका. पॅनेल २२ टक्क्यांवरून २४.५ टक्क्यांवर गेलं, तर तेवढ्याच जागेत वीज किती वाढली? साधारण ११ टक्के. एवढ्यासाठी शेकडो शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं झटले.

आता मांजरसुंबा-केज रस्त्यालगतच्या एखाद्या छतावर जा. धूळ बसलेली एकसारखी दोन पॅनेल्स घ्या. एक स्वच्छ पुसा, दुसरं तसंच ठेवा. सारख्या उन्हात, सारख्या वेळी दोन्हींचा करंट मोजा. समजा धुळीच्या पॅनेलला ९ अँपिअर आले आणि स्वच्छला १०, तर तुम्ही एका फडक्याने ११ टक्के वीज वाढवलीत! छतागणिक आकडा वेगळा येईल, म्हणून स्वतः मोजा. पण मुद्दा लक्षात आला का? एफिशियन्सी वाढवायची प्रयोगशाळा पवईला आहे, तशी ती नेकनूरच्या छतावरही आहे. आणि छतावरच्या कामाचे पैसे आजच मिळतात.

एजन्सी देणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न

त्या तरुणाला मी हे पाच प्रश्न लिहून दिले. तुम्हीही लिहून घ्या.

१. हा एफिशियन्सीचा आकडा केवढ्या पॅनेलवरचा आहे? पूर्ण पॅनेलचा टेस्ट रिपोर्ट दाखवा.

२. या मॉडेलला बीआयएस प्रमाणपत्र आहे का? नंबर द्या.

३. हे मॉडेल सरकारच्या मंजूर यादीत, म्हणजे एएलएमएममध्ये आहे का? नसेल तर अनुदानाच्या योजनेत ते बसवता येणार नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते सोडून कोणतं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल?

४. वॉरंटी किती वर्षांची, आणि ती लेखी देणारी कंपनी स्वतः किती वर्षांची? दोन वर्षांच्या कंपनीची २५ वर्षांची वॉरंटी म्हणजे नुसता कागद.

५. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढलेलं एक तरी छत दाखवा. मी एसटीने येतो बघायला.

आणि सहावी गोष्ट प्रश्न नाही, नियम आहे. डिपॉझिट कंपनीच्या बँक खात्यात, जीएसटी नंबर असलेल्या पावतीवर, आणि परत मिळण्याच्या अटी लिहिलेल्या करारावरच द्यायचं. "सोमवारपर्यंतच ऑफर आहे" असं कोणी म्हटलं, की सोमवार जाऊ द्यायचा.

मग आज धंदा काय करायचा?

नवीन पॅनेलची वाट बघत हात बांधून बसा, असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या भागात छतावर आणि शेतात सिलिकॉनची पॅनेल्स वाढत चाललीत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. पॅनेल लावणारे पुष्कळ झाले. लावल्यानंतर फोन उचलणारे किती आहेत? तिथं जागा रिकामी आहे.

सफाई आणि तपासणीची सेवा. सकाळी ऊन चढायच्या आत काम करायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, काच तडकू शकते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते काचेवर सुकलं की पांढरा थर बसतो आणि सफाईच नुकसान करते. म्हणून मऊ मॉप आणि वायपरने पाणी निपटून काढायचं. कामाआधी आणि नंतर युनिटचा आकडा लिहून गिऱ्हाइकाला दाखवायचा. समजा ४० गिऱ्हाइकं, महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये, तर १२,००० रुपयांची बांधलेली आवक. हा फक्त नमुना आहे. तुमच्या गावात कोण किती देईल, ते दहा घरी विचारून ठरवा.

दुरुस्ती. ढिले कनेक्टर, उंदरांनी कुरतडलेली वायर, सुकलेलं अर्थिंग, तारखेवर न बदललेला सेटिंगचा घोळ. यासाठी क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, कनेक्टर दाबायचं क्रिम्पिंग टूल, हातमोजे आणि सेफ्टी बेल्ट लागतो. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. पॅनेलची वीज डीसी असते. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही, आणि चालू लोडवर कनेक्टर ओढला तर पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. घरच्या लाईटच्या कामाचा अनुभव इथे पुरत नाही. आधी प्रशिक्षण घ्या. राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम २०१५ पासून चालू आहे, आयटीआय झालेल्यांना तो चालतो.

योजनेतल्या पंपांची मदत. हे पंप पुरवठादाराच्या पाच वर्षांच्या हमीत असतात. ते उघडायच्या भानगडीत पडू नका, हमी जाईल. पण तक्रार कुठे, कशी नोंदवायची, फोटो कसा जोडायचा हे कितीतरी शेतकऱ्यांना जमत नाही. तेवढं करून द्या. आज पन्नास रुपये मिळतील, हमी संपल्यावर तेच शेतकरी पहिला फोन तुम्हाला करतील.

बसवण्याचं काम. सूर्यघरसाठी नोंदणीकृत विक्रेता लागतो. सुरुवातीला त्यांच्या हाताखाली सांगाडा आणि वायरिंगचं काम घ्या. माल त्यांचा, जोखीम त्यांची, हात आणि शिकणं तुमचं.

आणि पेरोव्हस्काईट खरंच आलं तर?

येईल. माझा त्यावर विश्वास आहे. एवढे हुशार लोक पवईपासून ग्वांग्जूपर्यंत झटताहेत, ते टिकाऊपणाचा प्रश्न कधीतरी सोडवतील. त्याचा आणखी एक फायदा आपल्यासारख्या तापट भागाला होऊ शकतो. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के घट. पेरोव्हस्काईटमध्ये ही घट कमी असते. भर दुपारी मोटार चालवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कामाचा ठरेल.

पण ते पॅनेल आलं तरी कुठे बसणार? त्याच स्लॅबवर. त्याच सांगाड्यावर, त्याच अर्थिंगवर. धूळ तीच बसणार, बोअरचं पाणी तेच असणार. आणि गिऱ्हाईक विचारणार कोणाला? ज्याने पाच वर्षं त्याचा फोन उचलला, त्याला. तेव्हा दोनशे गिऱ्हाइकांची वही ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे कंपन्या स्वतः एजन्सी घेऊन येतील. तीन लाख देऊन तालुका विकत घेता येत नाही मित्रांनो. तालुका एकेका छतावरून मिळवावा लागतो.

सोमवारी काय झालं?

त्या तरुणाने शनिवारीच पाच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. उत्तर आलं, "कागदपत्रं डिपॉझिटनंतर मिळतील." त्याने पैसे दिले नाहीत. एकवीस हजारांचं टोकन अजून परत आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते येईल असं मला वाटत नाही. मी त्याला म्हटलं, तक्रार कर, पाठपुरावा कर, पण ती तुझी फी समज.

बाकीच्या पैशांतून त्याने आईचे दागिने सोडवले. थोड्या रकमेत मीटर, टूल, मॉप आणि बेल्ट घेतला. परवा फोन आला, "सर, अकरा गिऱ्हाइकं झाली. पण अण्णा म्हणतेत, एवढ्यानं भागणार हाय का? उचल घेऊ का, विचारतेत."

अकरावर घर चालत नाही, हे त्यालाही कळतं, मलाही कळतं. मी म्हटलं, अण्णांना सांग, दोन महिने दे. रोज तीन नवीन छतांवर जा, करंट मोजून दाखव, मग बोल. त्याने चाळीसचा आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ: तुमच्या गावात फिरून दहा सोलर छतं मोजा. कोणती धुळीत आहेत, कोणती बंद पडलीत, मालक कोण, फोन कोणाला करतो, हे वहीत लिहा. दहाव्या छतापर्यंत तुम्हाला धंदा दिसायला लागेल. दिसला तर मला जरूर कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत विचारत राहा, मोजत राहा, आणि मगच पैसे लावा.